सोलापुरात बसून हिमालयातल्या रॉक ग्लेशियरचा नकाशा कसा करावा, आणि त्यातल्या पाण्याबद्दल किती बोलावं

भीमेच्या पाण्यात हिमालयाचा एक थेंबही नाही. उजनी भरते ती सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि पूर्व उतारावर पडणाऱ्या पावसाने. तरीही रॉक ग्लेशियरच्या नकाशांचं काम सोलापुरातल्या भूगोलाच्या, भूशास्त्राच्या मुलामुलींनी हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. या कामाचा मोठा भाग टेबलावर होतो. लागणारी उपग्रहचित्रं, उंचीची माहिती आणि सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शिवाय साठा वेगळा आणि आवक वेगळी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. धरण ‘वजा’त गेलं की तळाशी पाणी दिसत असूनही आवर्तनाची भाषा बदलते. रॉक ग्लेशियरमधला बर्फ हा बराचसा तसा मृतसाठा आहे. या विषयात जो गोंधळ होतो तो बहुतेक इथेच होतो, म्हणून नकाशा शिकवता शिकवता मी पुन्हा पुन्हा या मुद्द्यावर येणार आहे.

रॉक ग्लेशियर म्हणजे दगडगोटे आणि बर्फ यांचं एकमेकांत मुरलेलं धूड. वर दोन-चार मीटर जाडीचा मोकळ्या दगडांचा थर असतो, तो उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात गोठतो. त्याखालचा गाभा बारमाही गोठलेला, म्हणजे पर्माफ्रॉस्ट. हा गाभा स्वतःच्या वजनाने उतारावर सावकाश वाहतो, त्यामुळे पृष्ठभागावर आडव्या सुरकुत्या पडतात आणि पुढच्या टोकाला तीव्र उताराचं तोंड तयार होतं. स्वित्झर्लंडमधल्या मुर्तेल या रॉक ग्लेशियरमध्ये १९८७ साली ५८ मीटर खोल भोक पाडलं गेलं आणि तेव्हापासून तिथलं आतलं तापमान मोजलं जातंय. ऑस्ट्रियातल्या हॉखेबेनकारवर तर १९३८ पासून सरकण्याची मोजणी चालू आहे. आपल्या हिमालयात अशा लांब नोंदी जवळपास नाहीत, आणि म्हणूनच नुसती यादी आणि नकाशा यांनाही इथे मोल आहे.

प्रदेश निवडताना हाव नको

संपूर्ण लाहौल-स्पीती जिल्हा घेऊन बसू नका. एक उपखोरं घ्या, शंभर-दीडशे चौरस किलोमीटरचं. सुरुवातीला मी भागा नदीच्या वरच्या खोऱ्याचं नाव सुचवतो. बारालाचा खिंडीजवळच्या सूरजतालातून भागा निघते, तांदीला चंद्रेला मिळते, आणि पुढे ती चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. पंढरपूरच्या वाटेवरच्या माणसाला हे नाव आपलं वाटेल, पण निवडीचं कारण वेगळं आहे. लाहौल पीर पंजाल रांगेच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस-बर्फ बेताचा, हवा कोरडी, उतारांवर दगडाचा चुरा मुबलक. अशा ठिकाणी साध्या हिमनद्या फार फोफावत नाहीत आणि रॉक ग्लेशियरना वाव मिळतो. ढग कमी असल्याने चित्रंही स्वच्छ मिळतात.

अजून एक सोय आहे. पृथ्वीचे उभे पट्टे पाडून नकाशा सपाट मांडायची यूटीएम नावाची पद्धत आहे; लाहौल आणि सोलापूर दोन्ही तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतात. तुम्ही आधी सीनेच्या काठचे पाझर तलाव किंवा सांगोल्यातली शेततळी क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मांडली असतील, तर तीच प्रक्षेपणपद्धत (सॉफ्टवेअरमधला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) इथे चालते. उत्तराखंडात ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला गेलात की ४४ वा पट्टा लागतो. तो बदलायला विसरलात तर क्षेत्रफळं बिघडतात.

खोऱ्याची हद्द हाताने काढू नका. उंचीच्या माहितीवरून क्यूजीआयएसमधल्या पाणलोटाच्या साधनाने ती काढा. पुढे पाण्याचा हिशेब करायचा आहे, म्हणून कामाची चौकट पाणलोटाचीच हवी. जिल्ह्याची किंवा चौकोनी तुकड्याची हद्द त्या हिशेबात निरुपयोगी ठरते.

साहित्य

क्यूजीआयएस आणि गूगल अर्थ प्रो ही दोन सॉफ्टवेअर पुरतात. चित्रांसाठी सेंटिनेल-२ हा युरोपचा उपग्रह घ्या. त्याचा एक चौकट-ठिपका (पिक्सेल) १० मीटरचा असतो. एवढ्यावर रॉक ग्लेशियर ‘दिसतं’, पण त्याची कड नेमकी आखता येत नाही. कड आखायला गूगल अर्थमधली बारीक चित्रं लागतात. उंचीसाठी कोपर्निकस जीएलओ-३० घ्या. एसआरटीएम हे उंचीचं जुनं संकलन फेब्रुवारी २००० मधलं आहे आणि तीव्र उतारांवर त्यात पोकळ्या भरलेल्या असतात. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅटवर आधारित उंचीची माहितीही मिळते, पडताळ्याला ती उपयोगी पडते. हिमनद्यांच्या हद्दी रँडॉल्फ ग्लेशियर इन्व्हेंटरीच्या सातव्या आवृत्तीतून उतरवून घ्या, म्हणजे आधीच हिमनदी म्हणून नोंदलेली जागा समोर राहते.

चित्र सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं निवडा. जूनच्या चित्रात जुना बर्फ सुरकुत्यांच्या खाचांत साठलेला असतो आणि ऑक्टोबर संपता संपता नवा पडायला लागतो. प्रत्येक चित्राची तारीख वहीत टिपून ठेवा.

डोळा तयार करणं

इथे घाई करू नका. माझ्या मते पहिले काही दिवस एकही रेघ न मारता नुसतं पाहण्यात घालवावेत.

तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, पुढचं तोंड. ते तीस-पस्तीस अंशांहून तीव्र, वरची कड धारदार, आणि बऱ्याचदा बाकीच्या पृष्ठभागापेक्षा फिकट रंगाचं असतं. धूड सरकत असेल तर तोंडावरचे दगड सतत घसरत राहतात, आतला ताजा, न काळवंडलेला चुरा उघडा पडतो, म्हणून हा फिकटपणा. दुसरी, दोन्ही बाजूंच्या कडा, आजूबाजूच्या उतारापेक्षा उचललेल्या. तिसरी, पृष्ठभागावरच्या वाकलेल्या वरंबा-सऱ्या, ज्यांची कमान उताराच्या दिशेला फुगलेली असते. तोंड आणि कडा स्पष्ट दिसल्याच पाहिजेत. वरंबे नसले तरी चालतं.

उपग्रहचित्र साधारण सकाळी साडेदहाच्या सुमाराचं असतं. सूर्य आग्नेयेला, त्यामुळे सावली वायव्येला, म्हणजे पडद्यावर वरच्या डाव्या बाजूला पडते. आपल्या डोळ्यांना प्रकाश वरून येण्याची सवय असल्याने उंचवटा खड्ड्यासारखा आणि दरी धारेसारखी दिसू लागते. वरंबा आणि सरी उलटतात, तोंड खळगा वाटतं. उपाय साधा आहे: नकाशा १८० अंशांनी फिरवून पाहा, किंवा गूगल अर्थमध्ये तिरकी दृष्टी ठेवून उताराच्या पायथ्याकडून वर बघा. शंका आली की दरवेळी हे करायचंच.

आता फसवणाऱ्या गोष्टी. सर्वांत जास्त फसवते ती दगडांनी झाकलेली हिमनदी. तिच्यावरही दगडच दिसतात. पण तिच्या पृष्ठभागावर बर्फाचे उघडे कडे, हिरवट-निळी डबकी, भेगा आणि पृष्ठभागावरून वाहणारे ओहोळ दिसतात. ती वितळून खचत असल्याने दोन्ही बाजूंच्या हिमोढांच्या, म्हणजे हिमनदीने कडेला टाकलेल्या दगडमातीच्या बांधांच्या, मधोमध बसलेली असते, तर सक्रिय रॉक ग्लेशियर आजूबाजूपेक्षा फुगीर असतं. क्यूजीआयएसमध्ये २० मीटर अंतराने समोच्च रेषा काढा. हिमनदीच्या खचलेल्या भागावर त्या वरच्या बाजूला वळतात, रॉक ग्लेशियरवर त्या खालच्या बाजूला फुगतात. लाहौलमध्ये अनेक ठिकाणी वर हिमनदी, मध्ये दगडांनी झाकलेला भाग आणि खाली रॉक ग्लेशियर अशी सलग साखळी असते. तिथे रेघ कुठे मारायची यावर दोन जाणकारांत मतभेद होणं स्वाभाविक आहे.

दरडीचा ढीग दुसरा. त्याच्या वर डोंगरात कापल्यासारखी ताजी जखम दिसते, आणि त्याचे दगड टोकाला पसरत पातळ होत जातात, धारदार तोंड उभं राहत नाही. हिमस्खलनाचे शंकू पंख्यासारखे पसरतात, त्यांना बाजूची उचललेली कड नसते. जुने हिमोढ लांब, अरुंद आणि एका धारेचे असतात.

आधी ठिपका, मग रेघ

आंतरराष्ट्रीय पातळीवर रॉक ग्लेशियरच्या याद्या एकसारख्या व्हाव्यात म्हणून तज्ज्ञांच्या गटाने मार्गदर्शक सूचना तयार केल्या आहेत, त्यांची सविस्तर आवृत्ती २०२३ ची आहे. त्यातला क्रम मला अतिशय शहाणपणाचा वाटतो: आधी प्रत्येक रॉक ग्लेशियरवर एक ठिपका ठेवायचा, हद्द नंतर.

क्यूजीआयएसमध्ये एक जिओपॅकेज फाईल उघडा आणि तीत तीन थर करा: ठिपके, विस्तृत हद्द, मर्यादित हद्द. उपखोरं एक-एक किलोमीटरच्या चौकोनांत विभागा आणि चौकोनामागून चौकोन डोळ्याखालून घाला. जिथे खात्री आहे तिथे ‘निश्चित’, जिथे नाही तिथे ‘अनिश्चित’. अनिश्चित ठिपके पुसून टाकायचा मोह होतो. ते पुसू नका. पुढच्या माणसाला तेच सर्वांत उपयोगी पडतात. ०.०१ चौरस किलोमीटरपेक्षा, म्हणजे एका हेक्टरपेक्षा लहान रूपं साधारणपणे सोडून देतात.

उंचीकडेही लक्ष असू द्या. हिंदुकुश-हिमालय पट्ट्यात रॉक ग्लेशियरची खालची टोकं साधारण ३,५०० ते ५,५०० मीटर या दरम्यान सापडतात. सावलीच्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ती जास्त खाली उतरतात. तुमचा ठिपका ३,००० मीटरवर पडत असेल तर तो पुन्हा तपासा. तो हलायचा थांबलेला जुना अवशेष असू शकतो किंवा दरड.

मग हद्द. १:५,००० किंवा त्याहून मोठ्या नकाशाप्रमाणावर काम करा. विस्तृत हद्दीत पुढचं तोंड आणि बाजूच्या घसरणाऱ्या कडा पायथ्यापर्यंत धरतात. मर्यादित हद्द तोंडाच्या वरच्या कडेवरूनच वळते. दोन्ही काढाव्यात. एकट्या पोराने हे सगळं केलं की विचारतो, “सर, एकच रेघ पुरेशी नाही का?” नाही पुरत. समजा विस्तृत हद्दीत ०.१५ चौरस किलोमीटर येतं आणि मर्यादित हद्दीत ०.१२. पुढे जो घनफळाचा हिशेब करायचा आहे, त्यात या २० टक्के फरकाचे जवळपास २४ टक्के होतात.

वरची हद्द सगळ्यात अवघड. खालून आखत वर गेलात की एका जागी सरकणारं धूड संपून त्याला दगड पुरवणारा उतार सुरू होतो, पण जमिनीवर रेघ मारलेली नसते. वरंबा-सऱ्या जिथे विरतात आणि उतार एकदम वाढतो, तिथे थांबा. तिथली रेघ तुटक काढून ‘अनुमानित’ असं रकान्यात लिहा. शक्य असेल तर दोघांनी एकमेकांची रेघ न पाहता तोच तुकडा आखावा आणि मग दोन्ही एकावर एक ठेवाव्यात. दोन हद्दींतला फरक हीच तुमची खरी त्रुटी. सॉफ्टवेअर दशांशानंतर पाच आकडे दाखवतं त्याला काही अर्थ नाही.

तक्त्यातले रकाने

प्रत्येक हद्दीला क्रमांक, चित्राची तारीख, आखणाऱ्याचं नाव, क्षेत्रफळ, तोंडाच्या पायथ्याची उंची, वरच्या टोकाची उंची, सरासरी उतार आणि दिशा द्या. वर काय जोडलेलं आहे तेही नोंदवा: कड्याखालचा डबराचा उतार, हिमनदी, हिमनदीने मोकळी केलेली जागा, दरड, की यांपैकी एकाहून अधिक.

दिशेच्या रकान्यात एक खाच आहे. उतारांच्या दिशा अंशांत असतात. एका बाजूला ३५० आणि दुसऱ्या बाजूला १० अंश असतील, तर दोन्ही उत्तरच. पण त्यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे दक्षिण. क्यूजीआयएसचं क्षेत्रीय सांख्यिकीचं (झोनल स्टॅटिस्टिक्स) साधन नेमकं हेच करतं. आधी दिशेच्या थराचे साइन आणि कोसाइन असे दोन थर करा, त्यांच्या सरासऱ्या काढा आणि त्यांवरून दिशा परत मिळवा. उत्तराभिमुख उतारांवरच रॉक ग्लेशियर जास्त असल्याने ही चूक राहिली तर अख्ख्या खोऱ्याचा निष्कर्ष उलटा होतो.

सरकतंय का?

सक्रिय रॉक ग्लेशियर वर्षाला सुमारे दहा सेंटिमीटर ते काही मीटर सरकतं. संक्रमणातलं त्याहून कमी. मृत म्हणजे आतला बर्फ गेलेलं, थांबलेलं. नुसत्या रूपावरून अंदाज बांधता येतो: तोंड ताजं आणि उघडं असेल तर सक्रिय असण्याची शक्यता जास्त, तोंडावर गवत-शेवाळ आणि काळवंडलेले दगड असतील, पृष्ठभाग मधोमध खचला असेल, तर बहुधा मृत. पण रूपावरून लिहिलं असेल तर रकान्यात तसं स्पष्ट लिहा.

गती मोजायची असेल तर पहिला मार्ग गूगल अर्थमधल्या जुन्या चित्रांचा. दहा-पंधरा वर्षांच्या अंतराची दोन चित्रं घ्या, एखादा घराएवढा धोंडा ओळखा, तो किती सरकला पाहा. त्याआधी शेजारच्या पक्क्या खडकावरची खूण दोन्ही चित्रांत जुळते का ते तपासा. वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकमेकांपासून काही मीटर सरकलेली असतात, आणि तो सरक वजा केला नाही तर स्थिर डोंगरही चालताना दिसेल.

दुसरा मार्ग रडारचा. सेंटिनेल-१ च्या १२ दिवसांच्या अंतराच्या दोन नोंदी घेऊन त्यांतला फरक काढतात. अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या हायपी३ सेवेवर खातं उघडून ही प्रक्रिया त्यांच्याच संगणकावर करून घेता येते, तुमच्या लॅपटॉपवर भार येत नाही. या रडारची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर, रंगांचं एक पूर्ण चक्र म्हणजे उपग्रहाच्या दृष्टिरेषेत सुमारे २.८ सेंटिमीटर हालचाल. १२ दिवसांत एक चक्र दिसलं तर वर्षाला साधारण ८५ सेंटिमीटरचा वेग. उन्हाळ्यातला वेग बारा महिने टिकत नाही, म्हणून असा आकडा ‘उन्हाळी वेग’ म्हणूनच नोंदवावा. नोंदी जुलै ते सप्टेंबरच्या घ्या, ओल्या बर्फावरून रडारचा मेळ बसत नाही.

या पद्धतीला एक आंधळी बाजू आहे, आणि ती आपल्याला नेमकी आडवी येते. उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतो आणि बाजूला, पूर्वेला किंवा पश्चिमेला पाहतो. उत्तर-दक्षिण हालचाल त्याला जवळपास दिसत नाही. ठळक रॉक ग्लेशियर मात्र उत्तरेकडेच तोंड करून असतात. म्हणून रडारमध्ये हालचाल न दिसलेल्या उत्तराभिमुख रूपाला मृत म्हणण्याआधी थांबा, धोंड्यांच्या पद्धतीने तपासा. चढत्या आणि उतरत्या दोन्ही फेऱ्यांच्या नोंदी पाहा. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या एल-पट्ट्याची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर आहे, त्यामुळे वेगाने सरकणारी रूपं, जिथे सेंटिनेलचे रंग एकमेकांत मिसळून जातात, ती त्याला सोपी जावीत. दिशेची अडचण मात्र त्यालाही आहे.

पाण्याचा हिशेब

आता मूळ मुद्दा. जाडी मोजलेली नसते तेव्हा अँडीजच्या अभ्यासातून रूढ झालेलं सूत्र वापरतात: क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये घ्या, त्याचा ०.२ घात काढा आणि ५० ने गुणा; सरासरी जाडी मीटरमध्ये मिळते. ०.१५ चौरस किलोमीटरला ती सुमारे ३४ मीटर येते. घनफळ सुमारे ५१ लाख घनमीटर. त्यातला बर्फ ४० ते ६० टक्के धरतात. बर्फाची घनता पाण्याच्या ०.९ पट घेतली तर पाणी १८.५ ते २७.७ लाख घनमीटर. मधला आकडा सुमारे २३ लाख, म्हणजे टीएमसीच्या भाषेत ०.०८. अहवालात कायम पूर्ण पल्ला लिहा. आणि हे सूत्र मृत रॉक ग्लेशियरना लावू नका, त्यांच्यात बर्फच उरलेला नसतो.

हा झाला साठा. आवक काढायची तर दरवर्षी गाभ्यातला किती बर्फ कायमचा जातो ते पाहायला हवं. वरचा दगडांचा थर उष्णता अडवतो, दगडांच्या फटींतून थंड जड हवा खाली बसते, त्यामुळे ही घट फार थोडी असते. समजा वर्षाला पाण्याच्या हिशेबात २ सेंटिमीटर. तर आपल्या १५ हेक्टरच्या धुडातून वर्षाला ३,००० घनमीटर. ते सगळं उन्हाळ्याच्या १२० दिवसांत उतरलं असं धरलं तरी दिवसाला २५ घनमीटर, सेकंदाला लिटरचा तिसरा हिस्साही नाही. त्याच १५ हेक्टरांवर हिवाळ्यात ४० सेंटिमीटर पाण्याइतकं हिम पडलं असेल, तर त्यातून ६०,००० घनमीटर मिळतं. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण प्रमाणाचा अंदाज यावा. २३ लाखांचा साठा पाहून कुणी ‘एवढं पाणी खालच्या गावाला मिळतं’ असं लिहिलं, तर ते उजनीच्या मृतसाठ्यावर कालव्याची पाळी जाहीर करण्यासारखं आहे.

संपूर्ण हिमालयासाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात सुमारे २५,००० रॉक ग्लेशियर आणि त्यांत सुमारे ५१.८ घन किलोमीटर पाणी असल्याचं म्हटलं आहे. पंधरा उजनी भरतील एवढं. तरी तिथल्या हिमनद्यांमध्ये याच्या सुमारे २५ पट पाणी आहे. हिमनद्या झपाट्याने आटत आहेत आणि रॉक ग्लेशियर सावकाश, म्हणून हे प्रमाण पुढे बदलत जाईल. ज्या उपखोऱ्यात हिमनद्या मुळातच नगण्य आहेत, तिथे आजही ते वेगळं असतं. म्हणूनच प्रत्येक उपखोऱ्यात रॉक ग्लेशियरचं एकूण क्षेत्र आणि हिमनद्यांचं एकूण क्षेत्र शेजारी मांडा. खोऱ्याखोऱ्यांतली तुलना करायला हा तक्ता एकट्या घनफळापेक्षा जास्त भरवशाचा आहे, कारण त्यात जाडीचं अनुमान येत नाही.

रॉक ग्लेशियरची पाण्यातली दुसरी भूमिका मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती घनफळाच्या आकड्यांत दिसतच नाही. दगडांचा तो ढीग वितळलेलं हिम आणि पाऊस आत घेतो, अडवतो, आणि उशिरा सोडतो. काही पाणी गोठलेल्या गाभ्याच्या पाठीवरून झटकन निघून जातं, काही त्याच्या खालून, बारीक गाळातून, आठवडे-महिने घेत झिरपतं. ऑस्ट्रियाच्या पूर्व आल्प्समध्ये मृत रॉक ग्लेशियरच्या पायथ्याच्या झऱ्यांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. बर्फाचा कण नसलेले हे ढीग तिथे भूजलाचे चांगले धारक ठरले आहेत. तेव्हा पाण्याच्या नकाशातून मृत रूपं वगळणं ही घोडचूक आहे. त्यांचा वेगळा रंग ठेवा, पण ठेवा.

पाण्याची प्रतही बदलू शकते. इटलीच्या दक्षिण टिरोलमधल्या रासास तळ्यात रॉक ग्लेशियरमधून येणाऱ्या पाण्यामुळे निकेल आणि विद्राव्य क्षार वाढलेले आढळले. सगळीकडे असं होतं असं नाही, ते त्या जागच्या खडकावर अवलंबून आहे. पण पायथ्याचं गाव त्या झऱ्याचं पाणी पीत असेल तर तुमच्या तक्त्यात खडकाचा प्रकार असायलाच हवा.

जागेवर गेलात तर

अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलला पोचणं सोपं झालंय, आणि धोका तिथेच आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आत-बाहेर. केलाँग तीन हजारांच्या वर, रॉक ग्लेशियर चार हजारांच्या वर. केलाँगला निदान दोन-तीन रात्री काढल्याशिवाय वर चढू नका. डोकेदुखी-मळमळ वाढत असेल तर खाली उतरायचं, काम उद्यावर ढकलायचं. रॉक ग्लेशियरच्या तोंडावर कधीही चढू नका आणि त्याच्या अगदी खाली थांबू नका, तिथले दगड सुटतच असतात.

सप्टेंबरात जा, कारण तेव्हा हिमाचं पाणी ओसरलेलं असतं. तोंडाच्या पायथ्याचा झरा शोधा आणि त्याचं तापमान घ्या. ऐन दुपारीही ते २ अंश सेल्सिअसच्या आत राहत असेल तर वर बर्फ किंवा गोठलेली जमीन असण्याची दाट शक्यता आहे. विद्युतवाहकता मोजा. प्रवाह मोजायला मिठाची पद्धत सोपी: वजन केलेलं मीठ वरच्या बाजूला विरघळवून सोडा, आणि खाली काही अंतरावर दर पाच सेकंदांनी वाहकता टिपत राहा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोजलंत तर प्रवाह दिवसभरात किती हेलकावतो ते कळतं. जवळच्या हिमनदीचा ओढा दुपारी फुगतो. रॉक ग्लेशियरचा झरा त्या मानाने एकसारखा राहतो. त्याच खोऱ्यातल्या एका हिमनदीच्या ओढ्याची मोजणी तुलनेसाठी घेतलीच पाहिजे. गावात गेलात तर कूल, म्हणजे शेताला पाणी नेणारे पाट, कोणत्या झऱ्यावरून निघतात ते वयस्कर माणसांना विचारा आणि तो झरा नकाशावर मांडा.

फाईल दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

नकाशा कुठे पोचेल सांगता येत नाही. अर्जेंटिनाने २०१० साली हिमनद्या आणि गोठलेल्या जमिनीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात रॉक ग्लेशियरची नोंदही आली आणि खाणींच्या परवानग्यांचे वाद अशा याद्यांपर्यंत येऊन ठेपले. आपल्याकडेही रस्ते, बोगदे आणि जलविद्युत प्रकल्प याच उंचीवर चढत आहेत. म्हणून जिओपॅकेजसोबत एक साधी मजकुराची फाईल ठेवा. तीत कोणती चित्रं, कोणत्या तारखा, कुणी आखलं, कुणी तपासलं, निश्चित किती आणि अनिश्चित किती, सक्रियता रूपावरून ठरवली की मोजून, घनफळ कोणत्या सूत्राने, बर्फाचं प्रमाण किती धरलं हे मराठीत आणि हिंदीत लिहा. लाहौलच्या पंचायतीलाही ते वाचता आलं पाहिजे. पाण्याच्या रकान्याच्या शीर्षकात ‘उपलब्ध पाणी’ असं लिहू नका, ‘अंदाजे साठा’ लिहा, आणि त्याच्या शेजारी वार्षिक आवकेचा रकाना ठेवा. मोजणी झालेली नसेल तर तो कोरा राहू द्या.